मामांचा प्रबंध आणि शेजारची पातेली

भाषा आणि संस्कृती या विषयावर जगात कुणीही, कुठंही, कसलाही सिद्धांत मांडला तरी तो खरा की खोटा याचा शेवटचा निकाल कोल्हापुरात लागत असे, आणि कोल्हापुरातही तो माझ्या मामेसासऱ्यांच्या सोप्यातल्या झोपाळ्यावर लागत असे, असं माझं ठाम मत आहे. सिद्धांताचा जन्म पॅरिसात होवो नाहीतर अमेरिकेत. तिकडं त्याचं बारसं व्हायचं, कोडकौतुक व्हायचं, त्याच्या नावानं परिषदा भरायच्या. इकडं आमचे मामा कॉलेजच्या ग्रंथालयातून ते पुस्तक काखेत मारून, लुनावर बसून घरी आणायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पहिल्या पानापासून त्याची अशी हजेरी घ्यायला लागायचे की आपण कशाला या गावाच्या वाटेला आलो असं त्या बिचाऱ्या सिद्धांताला होऊन जावं. मामींचा रविवारचा स्वयंपाक होईपर्यंत तो सिद्धांत आडवा झालेला असायचा आणि मामा हात धुऊन जेवायला बसलेले असायचे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कॉलेजात मराठी शिकवायचे. घर मूळचं गडहिंग्लजच्या पलीकडचं, सीमेला चिकटलेलं, लिंगायत. त्यामुळं आईशी कन्नड, बायकोशी मराठी आणि पुस्तकांशी इंग्रजी असा त्यांचा तीन आघाड्यांवर संसार चालायचा. पांढरा पायजमा, बिनइस्त्रीचा शर्ट, दहा पावलांवरून ऐकू येणारी करकरती कोल्हापुरी चप्पल आणि खिशात पेन्सिल. पेन नाही, पेन्सिलच. कारण ग्रंथालयाच्या पुस्तकात पेनानं लिहिणं हा गुन्हा आहे आणि पेन्सिलीनं लिहिणं ही समीक्षा आहे, असं ते म्हणायचे. पानोपानी समासात त्यांची समीक्षा असायची. 'छे.' 'पुरावा?' 'कुणी सांगितलं?' एका ठिकाणी नुसतंच 'आमच्याकडं या मग कळंल.' ग्रंथपाल सुरुवातीला रागवायचे. पुढं पुढं इतर प्राध्यापक, मामांच्या हातून गेलेली प्रत आहे का, असं विचारून पुस्तक न्यायला लागले, तेव्हा ग्रंथपालांनी तोंड बंद केलं.

माझी आणि त्यांची खरी ओळख माझ्याच लग्नात झाली. त्या आठवड्यात त्यांच्या हाती कुणाचं तरी एक पुस्तक पडलं होतं. ज्या भाषेत नात्यांना जितके जास्त शब्द, तितकी त्या समाजातली नाती घट्ट, असं त्या गृहस्थाचं म्हणणं. मांडवात दोन्हीकडचे मिळून सगळे नातेवाईक आयते गोळा झालेले, अशी संधी मामा कशाला सोडतात? ते माझ्या आत्याजवळ जाऊन बसले आणि अत्यंत नम्रपणे, तुमच्या थोरल्या जावेच्या भावाला तुम्ही काय म्हणता, असं त्यांनी विचारलं. आता या भावाचा आणि आमच्या आत्याचा बांधावरून जुना दावा होता, आणि तो भाऊ दोन रांगा सोडून जिलेबी खात बसला होता. आत्यानं त्याला काय म्हणते ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. अर्ध्या तासात आमच्याकडचे दोन कुटुंबप्रमुख न जेवता एसटी स्टँडकडं निघाले. मी मुंडावळ्या बांधून त्यांच्या मागं धावतोय, आणि मामा मला आडवे येऊन, आनंदानं चेहरा फुललेला, सांगतायत, "पावणं, सिद्धांत पडला की. शब्द हाय, नातं न्हाई." त्या क्षणी मला त्यांचा जो संताप आला होता तो उतरायला वर्ष गेलं. पण खरं सांगायचं तर, माझ्या लग्नात माझ्याइतकाच आनंद झालेला तो एकटाच माणूस होता.

तीच तऱ्हा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर. तिथं म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात देतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. डोक्याच्या आधी अंगाला मातृभाषा कळते, असं काहीतरी मामांनी वाचलं होतं, आणि माणसावर प्रयोग करायला मामींनी बंदी घातलेली. तेव्हा मामा म्हशीच्या कानाशी लागून कन्नडमधून गोड गोड बोलायला लागले. म्हैस निपाणीकडची असणार असं त्यांनी गृहीत धरलेलं. म्हशीनं त्यांच्या हातातला ग्लास, बादली आणि मी, असं एका लाथेत सगळं निकालात काढलं. दूधवाला शांतपणे म्हणाला, "सर, म्हस हरयाणाची हाय." मी शर्ट पिळत होतो, मामा विचारात पडले होते. हरयाणवी येणारं कुणी ओळखीचं आहे का, असं त्यांनी मला परतीच्या वाटेवर विचारलं.

असा हा माणूस दुसऱ्यांच्या सिद्धांतांना जसा सोडायचा नाही तसा स्वतःलाही सोडायचा नाही, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. मामांचा पीएच.डी.चा प्रबंध. माझं लग्न झालं तेव्हा त्याचं चौथं प्रकरण चालू होतं. माझी मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा दुसरं चालू होतं. कारण पुढचं प्रकरण लिहिता लिहिता त्यांना मागच्या प्रकरणातली चूक सापडायची, आणि ती सापडली की आनंदानं टाळी वाजवून ते मागचं प्रकरण फाडून टाकायचे. मामी म्हणायच्या, लोकांचे प्रबंध वाढतात, आमचा पोटात शिरतोय. दरम्यान त्यांनी ज्यांना शिकवलं ती पोरं डॉक्टर झाली, त्यातला एक तर त्यांचाच विभागप्रमुख होऊन बसला आणि मामांच्या रजेच्या अर्जावर सही करायला लागला. तेव्हापासून मामा कॉलेजातून आले की थोडा वेळ झोपाळ्यावर नुसते बसायचे, पुस्तक न उघडता.

मग निवृत्ती जवळ आली, आणि विद्यापीठानं कळवलं की ही शेवटची मुदतवाढ, यानंतर नोंदणी रद्द. मामी देवाजवळ दिवा लावायला लागल्या. आणि नेमकं त्याच सुमाराला ग्रंथालयात ते पुस्तक आलं.

लेखक आपलाच, मराठी माणूस. परदेशात बरीच वर्षं शिकवून परत आलेला, आता नागपूरकडं मोठ्या पदावर. त्याचा सिद्धांत असा की जो शब्द एखाद्या समाजाच्या रोजच्या बोलण्यात नाही, ती भावनाही त्या समाजात धड रुजलेली नसते. आणि उदाहरण म्हणून या शहाण्यानं कोण निवडावं? तर आम्ही. कोल्हापूरकडची माणसं. ही माणसं दिलखुलास आहेत, जेवायला घालतात, पण त्यांच्या बोलण्यात आभार नाही, धन्यवाद नाही, कुणी पाणी दिलं तर पितात आणि तांब्या परत करतात. सबब कृतज्ञता ही भावना इथं कच्चीच राहिली आहे. मी ते पान वाचलं. समासात मामांनी काहीही लिहिलेलं नव्हतं. पेन्सिलीचं टोक मात्र मोडून कागदात रुतलेलं होतं.

त्या दिवशी मामा मला रंकाळ्यावर घेऊन गेले. लहानपणीच वडील गेलेले, आईनं शेतात राबून त्यांना शिकायला कोल्हापूरला धाडलं, पुढं घर केलं त्याच पेठेत एक अंधारी खोली घेऊन ते राहिले, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरात नवी सून म्हणून आलेल्या आक्का पहिल्या आठवड्यातच एक झाकलेली थाळी खिडकीत ठेवून गेल्या, आणि मामांना नोकरी लागेपर्यंत ती थाळी रोज संध्याकाळी येत राहिली. कधी भाकरी-आमटी, कधी नुसता झुणका, सणाला पोळी. त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि मामाही कधी काही बोलले नाहीत. "पावणं," मामा पाण्याकडं बघत म्हणाले, "ह्यो बाबा म्हणतोय मी कृतघ्न हाय. माझं नाव न्हाई घेतलं. पण मलाच म्हणतोय." एवढ्या वर्षांत मी त्यांना सिद्धांतावर चिडलेलं पाहिलं होतं, सिद्धांतानं रडवलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना प्रबंध बाजूला सारला आणि नवा सुरू केला. विषय, शेजाऱ्यांची भांडी.

आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात. कुणाच्या लग्नात मिळालेलं, कुणाच्या वास्तुशांतीला घेतलेलं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेलं. आणि शेजारून काही पदार्थ आला की ते भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडं आई शिकवत नाही, ते आईच्या दुधातूनच येतं. काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायचं. मग परत भरून देण्याजोगा पदार्थ होईपर्यंत भांडं राहतं आपल्याकडं. आठवडा राहतं, महिना राहतं, कधी वर्षही. मामांचं म्हणणं असं की ही परकी भांडी हीच आमची आभाराची भाषा. दुसऱ्याच्या नावाचं पातेलं आपल्या फळीवर आहे तोवर त्याचं आपल्याकडं काही आहे, याची रोज सकाळी आठवण. शब्द बोलून मोकळं होण्यापेक्षा हे केव्हाही अवघड. तर पेठेतल्या प्रत्येक घरात दुसऱ्याचं एक तरी भांडं असणारच, नसेल तर मी मिशी काढतो, असं चौथ्या प्रकरणाचं मुख्य प्रतिपादन होतं. मिशीचं वाक्य मार्गदर्शकांनी खोडलं.

मग काय विचारता. दर रविवारी माझी स्कूटर, मागं मामा आणि त्यांच्या हातात भिंग. झिजलेली नावं वाचायला भिंग. कुणाच्याही घरात शिरायचं, पाणी मागायचं, आणि मग अगदी मऊ आवाजात विचारायचं, "काकी, तुमच्यात दुसऱ्याची भांडी कुठली कुठली हायत?" या प्रश्नावर कोणत्या घरात कसं स्वागत होतं ते मी सोसलं आहे. एका ठिकाणी बाईनं थेट नवऱ्याला हाक मारली आणि नवरा तालमीतून तसाच लाल मातीनं माखलेला आला. एका ठिकाणी आम्हाला कल्हईवाले समजून पितळेची सगळी भांडी पुढ्यात आणून टाकली. माझ्या बँकेतल्या वरिष्ठांच्या घरीही मामा शिरले आणि माळ्यावरच्या एका डब्याला भिंग लावून, हा तुमच्या मेहुणीचा हाय की वो, असं म्हणाले. पुढचे काही दिवस वरिष्ठ माझ्याशी बोलत नव्हते. पण चहा मात्र प्रत्येक घरात मिळाला. आणि मामांचं खरं होतं, प्रत्येक घरात दुसऱ्याचं भांडं होतं.

प्रबंध वेळेत गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि परीक्षक म्हणून नेमणूक कुणाची व्हावी? त्याच नागपूरच्या गृहस्थांची. मामींनी कपाळाला हात लावला. मामा मात्र खुशीत. परीक्षकांचं पत्र आलं, की मुलाखत दुपारी ठेवा, सकाळी मी स्वतः त्या पेठेत येऊन चार घरं बघीन, चौथ्या प्रकरणातलं विधान मला डोळ्यांनी पडताळून पाहायचं आहे. मामा म्हणाले, चार कशाला, चाळीस बघा.

इथं माझ्या मेहुण्यानं माती खाल्ली. मामांचा थोरला मुलगा, तालमीतला, मनानं साफ. उद्या पाहुणे येणार तर पेठेला कळवलेलं बरं, म्हणून त्यानं चौकात सांगितलं की उद्या सकाळी बाहेरगावचे मोठे साहेब भांडी तपासायला येणार आहेत. बास. कुणाच्या घरात कुणाची भांडी आहेत ते साहेब बघणार, ही बातमी पेठेत वाऱ्यासारखी पसरली. आता कुठल्या बाईला आवडेल, परक्या माणसानं आपल्या फळीवर दुसऱ्याचं पातेलं धरावं? चार लोक काय म्हणतील? आपण काय भांडी दाबून ठेवणाऱ्यातल्या आहोत का?

मी संध्याकाळी बँकेतून परस्पर मामांकडं निघालो होतो. गल्लीच्या तोंडालाच मला शिरा भाजल्याचा वास आला. दोन घरं पुढं गेलो तर वेलदोड्याचा. पुढं खमंग थालीपिठाचा. आणि बघतो तर गल्लीतून बायकांची ही रांग, हातात झाकलेली भांडी, कुणी वर, कुणी खाली, एकमेकींना हसून वाट देतायत. रिकामं परत करायचं नाही, म्हणून सगळ्या पेठेनं चुली पेटवल्या होत्या. वर्षानुवर्षं फळ्यांवर बसलेली पातेली, डबे, गडवे, पराती आपापल्या माहेरी निघाली होती, आणि एकही रिकामं नव्हतं. भिंतीवरून भांडून बोलणं टाकलेल्या दोन जावा होत्या. त्यातली धाकटी थोरलीच्या दारात पितळी डबा धरून उभी होती, आणि थोरली तिला आत ये म्हणत होती. मी एवढं बघितलं आणि मामांच्या प्रबंधाचं काय होणार हे माझ्या डोक्यात शिरलं.

मामा झोपाळ्यावर टिपणं वाचत बसले होते. मी सांगितल्यावर ते अनवाणी रस्त्यावर आले. त्यानंतरचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पेठेतला सगळ्यात शिकलेला माणूस रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा, आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायकांना विनवतोय, की बायांनो, शेजाऱ्याची भांडी परत करू नका, एक रात्र ठेवा, तुमच्या पाया पडतो. काकवा म्हणायच्या, सर, काळजी करू नका, तुमची मान खाली जाऊ देणार न्हाई, एक वाटीसुदीक कुणाची घरात ठेवत न्हाई. आणि पुढं जायच्या. मामांच्या स्वतःच्या घरीही मामींनी हुग्गी शिजवून कुणाकुणाची पातेली पोचती केली होती. गव्हाची हुग्गी, गूळ घालून, ही मामींची खासियत. मामा पायरीवर बसले आणि म्हणाले, "बुडालो, पावणं." मी त्यांच्याशेजारी बसून हुग्गी खाल्ली.

सकाळी परीक्षक आले. उंच, शांत, स्वच्छ मराठी बोलणारे गृहस्थ. पहिल्या घरात गेले, फळीवरची भांडी पाहिली, मामांचंच भिंग मागून घेऊन नावं वाचली. सगळी घरचीच. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तेच. परकं भांडं औषधालाही नाही. मामांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. पण प्रत्येक घरात परीक्षकांपुढं ताटली येत होती, आणि तिच्यात शिरा, थालीपीठ, हुग्गी, बेसनाचा लाडू, शेंगदाण्याची चटणी असं एकाच घरात न मावणारं सगळं. इतकं कशाला केलंत, असं त्यांनी विचारलं. आम्ही कुठं केलंय, शेजारनं आलंय, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या घरानंतर त्यांनी कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

शेवटचं घर आक्कांचं. म्हातारी आता वाकली होती, पण हात अजून थांबले नव्हते. साहेबांना लांब जायचंय म्हणून त्यांनी आपल्या नावाच्या डब्यात भाकऱ्या, लसणाची चटणी आणि लाडू बांधून दिले. परीक्षक भारावले असावेत. उठले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "आजी, मनापासून धन्यवाद."

आक्कांचा हसरा चेहरा एकदम उतरला. त्यांनी डब्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि मग मामांकडं वळून हळूच विचारलं, "का रं, ह्ये पुन्यांदा येणार न्हाईत व्हय आपल्यात?"

परीक्षक डबा घेऊन गाडीत बसले आणि वाटेत खिडकीबाहेर बघत राहिले.

दुपारची मुलाखत विद्यापीठात. अशा मुलाखतीला पाच-सहा माणसं आली तर गर्दी म्हणतात. इथं अख्खी पेठ लोटली होती. बायका नव्या लुगड्यांत पहिल्या रांगेत, तालमीतली पोरं भिंतीला टेकून उभी, आणि माजी विद्यार्थी असलेले विभागप्रमुख खुर्च्या मागवत पळतायत. परीक्षकांनी घसा साफ केला आणि सरळ मर्मावर बोट ठेवलं. तुम्ही म्हणता प्रत्येक घरात परकं भांडं असतं. मी आज चार घरं पाहिली, एकही सापडलं नाही. तुमचं मुख्य विधान खोटं आहे. काय म्हणणं आहे?

मामी पदराचं टोक दातात धरून बसल्या. मामा उठले. चष्मा कपाळावर चढवला, आणि मी बघतो तर त्यांच्या चेहऱ्यावर तोच माझ्या लग्नातला आनंद. चूक सापडल्याचा. ही त्याच सकाळी घरं फिरताना सापडलेली स्वतःची चूक होती, आणि ती जगासमोर फोडायला मिळणार म्हणून माणूस उजळून निघाला होता.

"बरोबर आहे सर," ते म्हणाले, "चौथं प्रकरण चुकलं. मी समजत होतो की भांडं शेजारी राहतं म्हणून उपकाराची आठवण राहते. काल सगळी भांडी आपापल्या घरी गेली, आणि उपकार काही फिटले नाहीत, उलट वाढले. कारण एकही भांडं रिकामं गेलं नाही. आज सकाळी तुम्ही पेठेचं जे जेवलात, तो माझा पुरावा आहे, तो आता तुमच्या पोटात आहे. आभार भांड्यात नव्हतेच. ते भरून देण्यात आहेत. माझं चुकलं. पण सर, तुमचं माझ्यापेक्षा जास्त चुकलंय."

हॉलमध्ये हशा उसळला. परीक्षकही हसले. मामा हसले नाहीत. ते जरा पुढं झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आक्कांनी सकाळी एक प्रश्न विचारला होता. उत्तर राहिलंय तुमचं."

परीक्षकांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, तिच्यातून आक्कांचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. "येणार आहे," ते म्हणाले. "हा परत द्यायला यायलाच लागंल." शेवटचा शब्द चक्क आमच्या वळणाचा होता. पुस्तकातलं ते प्रकरण मी नव्यानं लिहीन, असं त्यांनी उभं राहून सांगितलं, आणि पदवी द्यावी अशी शिफारस तिथंच केली.

पुढं जे झालं त्याला विद्यापीठाच्या नियमात जागा नाही. पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं. बाहेर हलगी तयारच होती. मामा हरले असते तरी वाजवायची, असं पोरांचं आधीच ठरलेलं होतं. गुलाल उधळला, कुणीतरी फेटा आणला, तो अर्धा मामांच्या डोक्याला आणि अर्धा परीक्षकांच्या डोक्याला बसला. कुस्ती मारून आलेल्या पैलवानासारखी मामांची मिरवणूक पेठेत शिरली, आणि चौकात भलामोठा फलक, 'भांड्यांचे डॉक्टर यांचे हार्दिक अभिनंदन'. आक्कांच्या दारात मामा खांद्यावरून उतरले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून पायांना हात लावला, मग आत गेले आणि स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले. आक्कांनी थाळी वाढली. बाहेर हलगी वाजत होती आणि आमचे नवे डॉक्टर गुलालानं लाल झालेल्या हातानं झुणका-भाकर खात होते. मामी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. माझेही डोळे भरून आले होते, उगाच गुलालाचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन गेलो तर मामा झोपाळ्यावर, चष्मा कपाळावर, मांडीवर जाडजूड पुस्तक, समासात जोरजोरात पेन्सिल. आता कुणाचा नंबर लागला म्हणून डोकावलो, तर त्यांचाच प्रबंध. पान तिसरं, 'छे. कुणी सांगितलं?' मामी म्हणाल्या, आता ह्येंना कुणाची मुदत न्हाई, आता मरेपतुर ह्येच.

परीक्षक पुढच्या वर्षी खरोखरच आले. आक्कांचा डबा संत्र्याच्या बर्फीनं भरून आणला होता. आक्कांनी तो रिकामा केला, भरला आणि परत त्यांच्या हातात दिला. असं बरीच वर्षं चाललं. दोन हजार साल उलटल्यावर आक्का गेल्या. त्या वेळी डबा नागपूरकडं होता. परीक्षक तो घेऊन आले आणि आक्कांच्या सुनेनं तो भरून दिला.

मामाही आता नाहीत. त्या दशकाच्या शेवटी, दिवाळीनंतरच्या थंडीत, फार कुणाला त्रास न देता गेले. ग्रंथालयाची काही पुस्तकं घरी राहिली होती, ती मी परत करायला गेलो. नव्या ग्रंथपालबाईंनी पानं चाळली, समास पाहिले आणि दंड काही घेतला नाही. हल्ली भाषेवर, संस्कृतीवर इतकं काही छापून येतं, इतक्या झोकात काहीबाही ठोकून दिलेलं असतं, की वाचता वाचता माझा हात पेन्सिल शोधतो. पण मला नुसतं 'छे' लिहिता येतं, पुढचं येत नाही.

त्या शेवटच्या दिवाळीत मामा स्वतः आमच्याकडं हुग्गी घेऊन आले होते. मोठं पातेलं, त्यावर त्यांचं नाव, आणि नावाआधी 'डॉ.', हे मामींनी बाजारातून मुद्दाम घालून आणलेलं. ते पातेलं अजून आमच्या फळीवर आहे. म्हणजे कायमचं नाही. महिन्यातून एकदा बायको त्यात काहीतरी भरते, मी ते मामींकडं पोचवतो, मामी ते रिकामं करून घासतात, त्यात काहीतरी घालून पुन्हा माझ्याच हातात देतात. परवा मामींनी ते देताना विचारलं, की पावणं, ह्ये आता इथंच ठेवू का, तुम्हाला कशाला हेलपाटा. मी नको म्हणालो. पातेलं गरम होतं, पिशवीत घालून छातीशी धरून आणलं. मामांना मी आयुष्यात एकदाही धन्यवाद म्हणालेलो नाही.